पुण्यात परत आलोय, मेडिकेअर पार्ट बी ठेवू का?

प्रश्न: न्यू जर्सीत २८ वर्षं नोकरी केली, आता वय ६६, कायमचे कोथरूडला आलोय. मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, त्यातल्या पार्ट बीचा (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) हप्ता सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनमधून, दर महिन्याला कापला जातो पण इथे ते चालतच नाही, मग बंद करू का? बायकोला शुगर आहे, जिवाला घोर लागलाय.

उत्तर १: काका, पार्ट ए (हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) राहू दे, त्याला तुम्हाला हप्ता नाही. बी सोडून नंतर परत घेतलं तर दर पूर्ण १२ महिन्यांमागे १०% दंड, आणि तो कायमचा. मुलं तिकडे असतील तर घाई नको.

उत्तर २: आधी इथली आरोग्य विम्याची पॉलिसी घ्या, जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वेटिंग असतं. आणि फॉर्मवर शुगर लिहाच, माझ्या भावाचा क्लेम त्या एका रकान्यावरून अडकला, डिस्चार्जच्या दिवशी वहिनी एफडीची पावती घेऊन बँकेत पळत होती.