अधिशोषण की नुसतं शोषण? थर चढतो की वाढतो?

सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकटींच्या (धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनलेल्या, छिद्रांनी भरलेल्या स्फटिकांच्या) पातळ थरांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. २०१० साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुआंग लू आणि जोसेफ हप यांनी झिफ-८ (ZIF-8) नावाच्या अशाच एका चौकटीचा थर काचेवर केला. जस्ताचा क्षार आणि मिथिल-इमिडाझोल मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, काच बुडवायची, धुवायची, पुन्हा ताज्या द्रावणात. जाडी वाढत जाते तसे काचेवर रंग पालटतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलसारखे. मग हेक्झेनचं बाष्प सोडलं की रंग सरकतो. सायक्लोहेक्झेनचं सोडा, ढिम्म!

थर बाष्प धरून ठेवतो त्याला (adsorption) मी 'अधिशोषण' लिहिलं. संपादक म्हणतात, 'अधि' म्हणजे वर. बाष्प तर छिद्रांच्या आत जातंय, मग सरळ 'शोषण' लिहा. शिवाय एक बाष्प धरायचं, दुसरं नाही, याला (selective adsorption) 'निवडक अधिशोषण' म्हणणं मला खटकतंय. आणि थर चढवायचा, की वाढवायचा?

*

अधिशोषण सोडू नका, ताई. जिलबी पाक पिते ते शोषण, पाक तिच्या अंगभर मुरतो. फ्रिजमध्ये ठेवलेला कोळसा वास धरतो ते अधिशोषण. बाष्प आत जातं खरं, पण टेकतं भिंतींवरच. वाड्याच्या बाहेरच्या भिंती चार, आतल्या खोल्यांच्या मोजून बघा! झिफ-८च्या एका ग्रॅमच्या पोटात हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो. म्हणजे 'वर' आहेच, फक्त आत आहे. आणि नुसतं 'शोषण' वाचून निम्मे वाचक गिरणी कामगारांकडे जातील.

*

वरच्याशी सहमत, पण दर वाक्यात 'अधिशोषण करतो' नको. एकदा संज्ञा सांगा, पुढे 'धरतो', 'सोडतो' चालवा.

'निवडक' मात्र चूकच. निवडक कविता म्हणजे निवडलेल्या कविता. निवडणारा तो चोखंदळ. झिफ-८च्या छिद्राची खिडकी जेमतेम ०.३४ नॅनोमीटर. हेक्झेन म्हणजे सरळ साखळी, शेवईसारखी अंग चोरून घुसते. सायक्लोहेक्झेनचं कडं दारातच अडतं. शाळेत पेशीपटलाला 'निवडक्षम पारपटल' म्हणायचो, तोच शब्द घ्या: निवडक्षम अधिशोषण. मजकुरात एखाद्या ठिकाणी 'चोखंदळ' खपवा, मला तरी आवडेल.

*

'चढवणे' नको. कल्हई चढवतात तेव्हा कथील आधीच तयार असतं, ते नुसतं पसरायचं. इथे स्फटिक काचेवरच जन्माला येतात, दोऱ्यावर खडीसाखर धरते तसे. म्हणून 'काचेवर थर धरतो' म्हणा.

*

पण काका, मग 'काचेवर धरलेला थर बाष्प धरतो' असं होईल की! थर 'वाढतो' आणि बाष्प 'धरतो', असं वाटून घेते. 'निवडक्षम' पक्का. संपादकांना आत्ताच जिलबी पाठवते, शब्दांतली.