१८६२ चा रुपया: टिंबं मोजायची की चांदी तोलायची?

ठसेशोधक:
नागपूरच्या इतवारीत सराफाच्या ताटलीत व्हिक्टोरियाचे १८६२ चे रुपये पडलेले असतात, सगळे एकाच भावानं. मला हे पटत नाही. या रुपयावर १८६२ हेच साल १८७४ पर्यंत कायम राहिलं; मधल्या वर्षांची खूण मुंबई टांकसाळीनं टिंबांनी ठेवली. म्हणजे टिंब हीच तारीख.

मागची बाजू बघा. सालाखालची टिंबं मोजा, मग वरच्या फुलाखालची. लिहिताना वर/खाली: ०/२ म्हणजे वर नाही, खाली दोन. नंतर वरचं फूल. मोठं असून बुडाशी दोन लांब, खाली वळलेल्या पाकळ्या असतील तर पहिला ठसा (ठसा म्हणजे नाणं छापायचा साचा). लहान फूल आणि आखूड, आडव्या पाकळ्या, तर दुसरा. १० पटीचं भिंग पुरतं. उजेड मात्र वरून नको, बाजूनं तिरपा हवा.

सराफओळ:
भाऊ, ताटलीतले निम्मे रुपये माळेतून उतरलेले असतात. कडी वरच्या काठाला लावतात, म्हणजे ऐन फुलाजवळ. कडी काढली तरी डाखाचा, म्हणजे सांधायच्या धातूचा, थेंब राहतो, आणि तोच भिंगात गोल टिंब दिसतो. याला वेगळी तारीख म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे? काहून?

ठसेशोधक:
थेंब ओळखता येतो. डाखाचा रंग मंद, कडा पसरट, नाण्याच्या सपाट भागावर सांडल्यासारखी. ठशातलं टिंब बुडाशी स्पष्ट कड धरून उठतं. कोरून केलेलं असेल तर भोवतालची चांदी खरवडलेली असते, टिंबाच्या आजूबाजूला खळगा दिसतो.

तिरपाउजेड:
दोघंही एक सोडताय. ठशातल्या खड्ड्यात वंगण आणि धूळ भरली की टिंब उठतच नाही. म्हणून टिंब दिसणं हा पुरावा आहे. न दिसणं हा पुरावा नाही. शेजारची पाकळी आणि सालाचे आकडे धारदार असतील तरच ०/० लिहावं. पाकळीही पुसट असेल तर तो रुपया ‘अनिश्चित’.

आणि हो, भेगेची गोष्ट. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंच रेघ येते, कारण धातू भेगेत शिरतो. खोल रेघ म्हणजे नुसता ओरखडा. खोल रेघेला ‘डाय क्रॅक’ म्हणून किंमत लावलेली दिसली की हसू येतं.

सराफओळ:
मग ‘डबल डाय’चं, म्हणजे दुहेरी छापेचं काय? तेही दुकानदारी नाही का?

तिरपाउजेड:
बहुतेक वेळा दुकानदारीच. ठोक्यानंतर ठसा जरा सरकला तर अक्षराच्या बाजूला सपाट, ठेंगणी पायरी पडते आणि मूळ अक्षर बारीक होतं. ती त्या एका ठोक्याची चूक. पुढच्या नाण्यावर नसेलही. ठशातच दुहेरी छाप असेल तर अक्षर जाड होतं, टोकं दुभंगतात, आणि त्या ठशाच्या दुसऱ्या नाण्यावरही तीच खूण सापडते. मी तर म्हणतो, दुसरं नाणं मिळेपर्यंत नाण्याच्या पाकिटावर ‘व्हरायटी’, म्हणजे ठशाचा वेगळा प्रकार, असं लिहूच नये.

ठसेशोधक:
ही अट दुहेरी छापेला मान्य, टिंबांना नाही. टिंबं टांकसाळीनं जाणूनबुजून दिली. तिथं दुसऱ्या नाण्याची वाट कशाला?

सराफओळ:
राजेहो, आधी तोलून तरी घ्या. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला थोडा कमी. पुष्कळ कमी भरला तर टिंबं मोजण्यात अर्थ नाही. आणि चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काही लावू नका. घासलं की टिंबाची धार जाते, मग डाख आणि ठसा सारखाच.

ठसेशोधक:
घासण्याचं एकदम मान्य. पण ताटलीतला ढीग एकाच भावानं विकणं अजूनही मान्य नाही. वरच्या काठाला कडीची खूण असेल, तर तिथलं टिंब मी धरणार नाही, फक्त सालाखालची मोजीन आणि वरच्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकीन: ?/२.

सराफओळ:
?/२ ला मी चांदीचाच भाव देईन.