मदत हवी आहे: कोलंबस (इंडियाना) इथल्या घरांचे जनगणनेचे तक्ते कसे वाचायचे?

कोथरूडची_मी

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची कोलंबसला बदली होतेय. ओहायोतलं नऊ लाख वस्तीचं कोलंबस नाही, इंडियानातलं. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला, आय-६५ या महामार्गावर. कंपनी कमिन्स, पुणेकरांना वेगळं सांगायला नको, कोथरूडचा आणि त्या गावाचा संबंध १९६२ पासूनचा आहे. तो एल-१ वर (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा), मी आणि मुलगा एल-२ वर (त्याच्या कुटुंबाचा). मुलगा सहावीत जाईल. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी येतील असं चाललंय.

ऑफिसातल्यांकडून जी माहिती मिळते ती ठरलेली: शाळा बऱ्या, थंडी फार, गाडीशिवाय पान हलत नाही. पण आपली माणसं सोडून बाकी गावात कोण राहतं, कसं राहतं, हे कोणीच सांगत नाही. म्हणून सेन्सस ब्युरोच्या (अमेरिकेचं जनगणना खातं) साइटवर जाऊन अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा डीपी०२ तक्ता उतरवला. त्यात लग्न, आजीआजोबा, शिक्षण, भाषा, मागच्या वर्षी कुठे राहत होतात, सगळं आहे. आणि तिथेच माझी गाडी अडली.

२०१० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४४,०६१. घरं सुमारे १७,८०० आणि त्यातल्या 'फॅमिली' सुमारे ११,५००. म्हणजे तीनातलं एक घर फॅमिलीच नाही? मग ते काय आहे? नवीन डीपी०२ मध्ये तर ही विभागणी दिसतच नाही. सासूबाईंनी हा आकडा ऐकला आणि "तिकडे सगळे काडीमोडच घेतात वाटतं" असा निकाल देऊन टाकला. मला तो पटलेला नाही, पण खोडून काढायला हातात काही नाही.

आजीआजोबांची एक वेगळी ओळ आहे. ती बघून मला बरं वाटलं, की तिकडेही आजी नातवंडांबरोबर राहतात. हे बरोबर वाचतेय ना? शिवाय मराठी कुठल्या ओळीत मोडते? आणि प्रत्येक आकड्यापुढे ± करून आणखी एक आकडा आहे, तो कधीकधी मूळ आकड्याइतका मोठा असतो. मग विश्वास कशावर ठेवायचा?

जाणकारांनी कृपया सांगावं. "तिथे गेल्यावर कळेलच" हे उत्तर घरात मिळालेलं आहे.

---

लंगडी_घालतो

यात कळायचं काय आहे? अमेरिकेत मूल अठराचं झालं की घराबाहेर. सगळे एकटे. आकडे कशाला हवेत.

---

आकडेमोड

लंगडी, सगळे एकटे नाहीत. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेतली २७.६ टक्के घरं एकट्या माणसाची होती. १९४० साली हेच प्रमाण ७.७ टक्के होतं. वाढ प्रचंड आहे, पण चारातली जवळपास तीन घरं आजही एकाहून जास्त माणसांची आहेत.

कोथरूडताई, तुमच्या 'एक तृतीयांश' चं कोडं इथेच सुटतं. सेन्ससच्या हिशोबात एका दाराआड राहणारे सगळे मिळून एक हाउसहोल्ड. ज्याच्या नावावर घर किंवा भाडेकरार तो हाउसहोल्डर. त्याच्याशी रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने जोडलेलं निदान एक माणूस त्याच घरात असेल तरच ती फॅमिली. म्हणजे नवरा गेलेली ऐंशी वर्षांची बाई एकटी राहत असेल तर ती फॅमिली नाही. तिची तीन मुलं चार गल्ल्या सोडून राहत असतील आणि दर रविवारी जेवायला येत असतील, तरी नाही. लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं नाही. तुमच्याच कंपनीतले दोन ट्रेनी एका अपार्टमेंटमध्ये राहतात, तेही नाही. यात घटस्फोटित आहेतच, पण त्यांचा वेगळा आकडा त्याच डीपी०२ मध्ये वैवाहिक स्थितीखाली मिळतो, पंधरा वर्षांवरच्या पुरुषांचा आणि बायकांचा वेगवेगळा. सासूबाईंना तो दाखवा. विधवा-विधुरांची ओळ बायकांच्या बाजूला किती जास्त भरते तेही दाखवा.

विभागणी दिसत नाही कारण २०१९ पासून डीपी०२ ची मांडणी बदलली. आता विवाहित जोडप्याचं घर, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांचं घर, जोडीदार नसलेला पुरुष हाउसहोल्डर आणि जोडीदार नसलेली स्त्री हाउसहोल्डर असे चार गट आहेत. शेवटच्या दोघांच्या पोटात 'एकटे' आणि 'एकटे, वय ६५ च्या वर' अशा ओळी आहेत. तुमच्या कामाच्या त्या. जुनी फॅमिली-नॉनफॅमिली विभागणी हवी तर एस११०१ तक्ता काढा.

± म्हणजे हा सर्व्हे आहे, शिरगणती नाही. देशभरात वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर फॉर्म जातो. २००० पर्यंत जनगणनेतच एक लांबलचक फॉर्म काही घरांना जायचा, त्याची जागा याने घेतली. समजा एका ओळीत ३०० आहे आणि पुढे ± २१०. याचा अर्थ खरा आकडा ९० ते ५१० च्या दरम्यान असावा, तोही ९० टक्के खात्रीने. अशी ओळ 'थोडे लोक आहेत' इतकंच सांगते. त्यावरून घर कुठे घ्यायचं ते ठरवू नका.

आणखी एक. एका वर्षाचे अंदाज फक्त ६५,००० च्या वर वस्ती असलेल्या भागांचे निघतात. २०२० ला कोलंबस ५०,४७४ होतं, त्यामुळे गावाचे फक्त पाच वर्षांचे एकत्रित आकडे मिळतील. पण ज्या बार्थोलोम्यू काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ते आहे तिची वस्ती ८२,२०८, तिचे एका वर्षाचेही मिळतात. ताजं हवं असेल तर काउंटी, नेमकं हवं असेल तर गावाचे पाच वर्षांचे. दोन्ही मिसळू नका.

---

हूजियर_पाटील

मी त्या गावात राहिलोय, आता इंडियानापोलिसला. आकडेमोड यांनी व्याकरण सांगितलं, मी गावाचं सांगतो.

ताई, आजीआजोबांच्या ओळीखाली आणखी एक ओळ आहे: 'नातवंडांची जबाबदारी असलेले'. किती वर्षांपासून, तेही पुढे दिलंय. ही एकत्र कुटुंबाची ओळ समजू नका. आईबाप तुरुंगात, व्यसनात किंवा या जगातच नाहीत आणि आजी पुन्हा डबे भरतेय, अशी बरीच घरं यात येतात. दक्षिण इंडियानात अफूजन्य गोळ्यांनी काय केलं ते २०१५ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. त्याच आय-६५ वर आणखी दक्षिणेला, स्कॉट काउंटीतल्या ऑस्टिन या छोट्या गावात, गोळ्या विरघळवून एकाच सुईने टोचून घेण्यामुळे एचआयव्हीची साथ आली होती. तुमच्या मुलाच्या वर्गात एखाद्याला शाळेत आणायला आजी येत असेल तर "आईबाबा कुठे असतात?" हा आपला नेहमीचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका.

गंमत म्हणजे तुमच्या सासूबाईही या ओळीत येऊ शकतात. या सर्व्हेत दोन महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असलेला माणूस त्या घरात मोजतात. सहा महिन्यांसाठी आल्या आणि नेमका तेव्हा फॉर्म आला, तर त्या 'नातवंडासोबत राहणारी आजी', जबाबदारी 'नाही'. दहा वर्षांच्या मोठ्या जनगणनेत मात्र पाहुण्या परदेशी नागरिकांना धरत नाहीत.

आता सरासरीबद्दल. घरामागे माणसं अडीचच्या आसपास, म्हणजे देशात साधारण असतात तितकीच. पण या गावात सरासरीसारखं घर शोधायला गेलात तर सापडणार नाही. डिझेल इंजिनांची ही कंपनी तिथे १९१९ पासून आहे, जागतिक मुख्यालय तिथलंच. त्यामुळे एकीकडे इंजिनिअर आणि मॅनेजर, निम्मे बाहेरून आलेले, तिशी-चाळिशीतले, घरात एक-दोन मुलं. दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, कारखान्याच्या लाइनवर किंवा सुट्या भागांच्या छोट्या कंपन्यांत काम करणारे, आणि गाव संपलं की मका आणि सोयाबीनची शेतं. पंचविशीच्या वरच्यांमधले पदवीधर किती, हा आकडा बघाल तेव्हा तो या दोन गावांची भेसळ आहे हे लक्षात ठेवा. उत्पन्नाचंही तसंच. मध्यम घरगुती उत्पन्नात घरातल्या पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांची कमाई धरतात. दोघं नवराबायको लाइनवर काम करून जिथे पोचतात तिथे एकटा इंजिनिअर पोचतो, तक्त्यात दोघं शेजारी.

तुम्हाला 'बाहेरून आलेले' हवे असतील तर 'एक वर्षापूर्वीचं राहतं ठिकाण' बघा. त्यात 'परदेशात' अशी ओळ आहे. एवढ्या लहान गावात ती किती भरते ते पाहून मी थक्क झालो होतो.

---

नीरजा_एडिसन

इकडे न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत उभं राहिलं की तक्ता लागत नाही 😀 पण भाषेचं मी सांगते, कारण मीही शोधलं होतं.

डीपी०२ मध्ये मराठीची ओळ नाहीच. फक्त इंग्लिश बोलणारे, मग स्पॅनिश, इतर इंडो-युरोपियन, आशियाई व पॅसिफिक बेटांच्या भाषा आणि उरलेल्या. मराठी, हिंदी, गुजराती या इंडो-युरोपियनमध्ये जातात, जर्मन-फ्रेंचच्या पंगतीत. तेलुगू आणि तमिळ आशियाई गटात, चिनी आणि कोरियनबरोबर. तुमच्या मजल्यावर चार भारतीय घरं असतील तर दोन एका ओळीत आणि दोन दुसऱ्या. बी१६००१ या तपशीलवार तक्त्यात मराठीचं नाव येतं, पण 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक' असं एकत्र, आणि एवढ्या लहान गावासाठी तो तपशील मिळेल अशी आशा धरू नका. भारतीय किती हे पाहायचं असेल तर डीपी०५ मध्ये वंशाखाली 'एशियन इंडियन' बघा. डीपी०२ मधल्या पूर्वजांच्या यादीत आपण नाही, तिथे जर्मन, आयरिश, इंग्लिश असंच सापडेल.

---

कोथरूडची_मी

सर्वांचे मनापासून आभार. आजीची ओळ मी अगदीच उलटी वाचत होते. मुलाला आधीच सांगून ठेवते.

दोन शंका उरल्या. शाळेसाठी काउंटीचे आकडे धरायचे की गावाचे? आणि सासूबाई दिवसभर एकट्या राहतील का, हे तक्त्यातून कळायचा काही मार्ग? मला तिथे नोकरी करायची आहे, म्हणून विचारतेय. (मी कर्वेनगरच्या कॉलेजची, त्याचंही नाव तेच आहे. पण म्हणून मला नोकरी कोणी देणार नाही.)

---

आकडेमोड

शाळेसाठी तिसरंच काहीतरी धरा. साइटवर भूभाग निवडताना 'स्कूल डिस्ट्रिक्ट' असा पर्याय आहे. बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशन निवडलंत की त्याच शाळांच्या हद्दीतली घरं मिळतील. काउंटीचा ईशान्येकडचा होप गावाचा भाग दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे, तो आपोआप वगळला जाईल.

---

हूजियर_पाटील

नोकरीचं: २०२१ च्या नोव्हेंबरपासून एल-२ वरच्या जोडीदाराला कामासाठी वेगळं परवानापत्र काढावं लागत नाही. देशात शिरताना आय-९४ वर (प्रवेशाची सरकारी नोंद) 'एल-२एस' असं लिहिलंय ना, ते तिथल्या तिथे तपासा. नसेल तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर नोकरी देणारा अडेल.

सासूबाईंचं: डीपी०४ मध्ये 'उपलब्ध वाहनं' बघा. गाडी नसलेली घरं किती थोडी आहेत ते कळेल, आणि दुपारी रस्त्यावर चालणारं माणूस का दिसत नाही तेही. कोलंबस-बस नावाची बससेवा आहे, पण तिच्या वेळा पाहूनच दिवस आखावा लागतो. त्यामुळे पहिलं घर डाउनटाउनच्या जवळ घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. वास्तुकार आय. एम. पेईने बांधलेली १९६९ ची लायब्ररी तिथे आहे, समोर शिल्पकार हेन्री मूरची भली मोठी कमान. एवढंसं गाव आणि वास्तुरचनेसाठी जगभरातून माणसं येतात, कारण चांगला वास्तुकार नेमला तर त्याची फी कंपनीचं फाउंडेशन द्यायचं. मिल रेस पार्कही पायी अंतरावर. माझी आई रोज लायब्ररीत जाऊन बसायची. इंग्लिश येत नव्हतं, तरी तिथल्या दोन म्हाताऱ्या तिच्या ओळखीच्या झाल्या होत्या. दोघी एकट्या राहणाऱ्या, म्हणजे सेन्ससच्या भाषेत नॉनफॅमिली.

---

लंगडी_घालतो

म्हणजे माझं अगदीच चुकलं नव्हतं.

---

कोथरूडची_मी

लंगडी, २७.६ टक्के बरोबर 😀

पाटील, डाउनटाउनचं नक्की करते. सहावीच्या मुलाला चालत जाता येईल अशी शाळा त्या बाजूला कुठली पडेल, आणि भाडेकरार वर्षाच्या आत मोडता येतो का, यासाठी वेगळा धागा काढते.