नेरुळच्या पाणथळी : जो प्लॉट विकतो त्यानेच ठरवायचं का, कुठे पाणी ठेवायचं?

ओहोटी (नेरुळ)

उड्डाणपुलांच्या खांबांवर फ्लेमिंगो, चौकात फ्लेमिंगो, सार्वजनिक भिंतींवर फ्लेमिंगो. नवी मुंबई पालिका शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेते आणि आपणही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. २०२४च्या उन्हाळ्यात मात्र डीपीएस शाळेमागच्या तलावावर खरे फ्लेमिंगो मरून पडत होते. जवळपास तीस एकरांचा हा तलाव खाडीच्या भरतीवर जगतो. भरतीचं पाणी आत यायच्या वाटा जेट्टीच्या कामात बुजल्या आणि तलाव आटला. त्याआधी काही पक्षी जेट्टीजवळच्या भल्यामोठ्या नामफलकावर आदळून मेले होते. बोंबाबोंब झाल्यावर तो फलक काढला.

एप्रिल २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मान्यता दिली. उत्तम झालं. पण टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ आणि एनआरआय संकुलामागची पाणथळ? एनआरआयच्या मागे गोल्फ कोर्स आणि घरांचा प्रकल्प येणार होता. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अडवला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाण्याच्या जागेचं भवितव्य कोर्टाच्या तारखांवर लटकतं, कारण जिथे ठरायला हवं तिथे ते ठरतच नाही.

कुठे ठरायला हवं? पालिकेच्या विकास आराखड्यात. शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७०ची, पालिका १९९२ची. पालिकेने आपला पहिला आराखडा प्रारूप म्हणून लोकांपुढे ठेवला तो २०२२मध्ये! तोही सभागृह रिकामं असताना, कारण मे २०२०मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. वर गंमत अशी की जमीन सिडकोची. पालिकेने एखाद्या भूखंडावर मैदानाचं आरक्षण टाकायचं आणि सिडकोने तोच भूखंड निविदेत काढायचा, हे आपण पाहिलंय. ज्याचं उत्पन्नच भूखंड विकून येतं, त्याला ‘इथे पाणथळ आहे का हो?’ असं विचारलं तर तो काय उत्तर देणार?

जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली, नगरसेवक आले. तिन्ही पाणथळी आराखड्यात पाणथळ म्हणूनच दाखवायच्या, असा सरळ ठराव सभागृहाने करावा. बाकी वाद नंतर घालू.

साडेबारा (करावे)

वाद आताच घालू. नंतर तुम्हाला वेळ नसतो.

माझ्या आजोबांची भातशेती गेली तेव्हा कुणी हातात फलक घेऊन मानवी साखळी केली नव्हती. ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या. त्यांत शेती होती, मिठागरं होती, खाजण होतं. जिताडा आणि चिंबोरी मिळायची ती याच खाजणात. १९८४ साली उरणच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं. माझं नाव तिथून घेतलंय. तो भूखंड मिळवायला आमच्या घरच्यांचे किती जोडे झिजले ते इथे लिहीत नाही.

आता तुमचा टॉवर कशावर उभा आहे? पाम बीच रोड कशावरून जातो? भराव टाकलेल्या खाडीकाठावरून. तेव्हा पक्षी नव्हते का? होते, पण बघायला गॅलऱ्या नव्हत्या. तुमच्या जाहिरातीत ‘क्रीक व्ह्यू’ होता, त्याचे चौरस फुटामागे जास्त पैसे भरलेत. आता समोर दुसरा टॉवर आला की व्ह्यू जातो. म्हणून पर्यावरण.

गावठाणात मुलं मोठी झाली, लग्नं झाली, घरावर घर चढवलं. त्याला सरकार ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतं आणि नियमित करायच्या घोषणा करत राहतं. आमच्या घराला नोटीस आणि तुमच्या गॅलरीपुढच्या पाण्याला संरक्षण. तुमचा ठराव मी का म्हणून मागावा?

ओहोटी

व्ह्यूचं म्हणाल तर माझी गॅलरी रेल्वे लाइनकडे आहे, लोकल दिसते. पण तो मुद्दा बाजूला. जमिनी घेताना अन्याय झाला हे मान्यच आहे. पण त्या अन्यायाची भरपाई एनआरआयच्या मागे गोल्फ कोर्स करून होते का? त्यातलं एक घर तरी करावे गावातल्या माणसाला मिळालं असतं?

साडेबारा

नसतं. पण तुमच्या ठरावाने तरी काय मिळणार? दोन्हीकडून आम्ही बाहेरच.

हिशेबी (खारघर)

भावनांचा जोर ओसरला असेल तर थोडं पैशाचं बोलू. रेल्वे स्टेशनं, रस्ते, पूल हे सगळं सिडकोने कशातून उभं केलं? भूखंड विकून. रेल्वेच्या खर्चात इथल्यासारखा मोठा वाटा उचलणारी दुसरी नगरनियोजन संस्था दाखवा. जमीन हेच तिचं भांडवल आहे. प्रत्येक मोकळ्या जागेत पावसाचं पाणी साचलं की तिला पाणथळ म्हणायचं ठरवलं, तर पुढची मेट्रो मालमत्ता कराच्या वाढीतून करावी लागेल. तेव्हा हेच लोक करवाढीविरुद्ध सह्या गोळा करतील.

दुसरं, २०१७च्या पाणथळ नियमांत मिठागरं आणि पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, सिंचन यांसाठी मुद्दाम केलेले तलाव वगळलेले आहेत. कायद्यानेच सीमा आखलीय. तुम्हाला ती आवडत नसेल तर दिल्लीत भांडा, पालिकेच्या सभागृहात नाही.

तिसरं म्हणजे विमानतळ. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालंय, विमानं उडू लागली आहेत. मोठे थवे जवळ जमतील अशी जागा हौसेने राखायची का? विमानात बसलेली माणसंही जीवच आहेत.

किलबिल (सीवूड्स)

विमानतळाचा मुद्दा नेमका उलटा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्लेमिंगो दिवसभर तलावात बसून राहत नाहीत. ते खातात खाडीतल्या उघड्या चिखलात, ओहोटीला. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना तेवढ्या वेळापुरती उथळ, निवांत जागा लागते. ती म्हणजे डीपीएस, चाणक्य, एनआरआय. खाडीच्या पलीकडचं अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, जवळपास १,६९० हेक्टर. २०२२मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जाही मिळाला. पण अभयारण्य हे ताट असेल तर या पाणथळी म्हणजे पाट. पाट ओढून घेतला तर जेवायला कोण बसणार?

आणि बसायला जागा नसली की थवा हवेतून नाहीसा होत नाही, दुसरीकडे उतरायला जागा शोधतो. मे २०२४मध्ये मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरवर थवा धडकला आणि ३९ फ्लेमिंगो मेले. तो थवा तिथे का होता यावर तज्ज्ञांनी बोलावं. मी एवढंच म्हणते की पक्ष्यांची ठरलेली जागा ठरलेली राहिली तर त्यांच्या वाटाही ओळखता येतात. बीएनएचएस या निसर्ग अभ्यास संस्थेनेही विमानतळाच्या संदर्भात या पाणथळी टिकवायची शिफारस केली आहे. विमानांची एवढी काळजी असेल तर धावपट्टीजवळ कचरा आणि मांसाची दुकानं आहेत का ते आधी बघा. घारी त्यावर येतात.

नियमांबद्दल : वगळलंय ते मुद्दाम केलेल्या तलावांना. भरती-ओहोटीचं पाणी जिथे पिढ्यान्‌पिढ्या येतं, ते मानवनिर्मित कधीपासून झालं?

हिशेबी

सिडकोने बांध घातले, पाणी अडलं, तिथे तळं झालं. त्या दिवसापासून.

किलबिल

म्हणजे जिने पाणी अडवलं तिनेच म्हणायचं की पाणी आमचं. ओहोटी, तुमचा मुद्दा यांनीच सिद्ध करून दिला.

तळमजला (सीबीडी बेलापूर)

सगळे पक्ष्यांवर बोलताहेत म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते. दर पावसाळ्यात आमच्या सेक्टरात पाणी भरतं. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की फ्रिज विटांवर चढवायचा आणि गाडी चढावर नेऊन लावायची. सोसायटीतल्या आजींना आम्ही दोनदा खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलंय.

कारण काय, तर पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव गाळाने भरलेत. गाळ का काढत नाहीत म्हणून विचारायला गेलं की उत्तर एकच : तलावात खारफुटी उगवलीय, उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पर्यावरण हवं हो, पण ते माझ्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाण्याच्या रूपाने का यावं? ज्यांच्या याचिकांमुळे हे नियम आले ते वरच्या मजल्यांवर राहत असावेत.

निवृत्त स्थापत्य (वाशी)

ताई, तुमची तक्रार खरी आहे. फक्त दोष कुणाचा ते पाहू.

हे शहर भरतीच्या पातळीच्या खाली वसवलंय. त्यासाठी डच पद्धतीने खाडीकाठी बांध घातले आणि आतल्या बाजूला धारण तलाव केले. तत्त्व जुनंच आहे, आपल्याकडे खारजमिनीच्या बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, असते तसंच. भरतीला झडपा बंद होतात, खाडीचं पाणी बाहेर राहतं आणि शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडपा उघडतात आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. मधल्या काही तासांचं पाणी पोटात घेण्याइतकी खोली तलावाला हवी. एवढाच सगळा खेळ.

आता झडपा गळक्या झाल्या, वेळेवर बदलल्या नाहीत. प्रत्येक भरतीबरोबर खारं पाणी आणि गाळ आत आला. गाळ साचला, त्यावर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, बीजं रुजली. दोन-चार वर्षांत गाळ काढला असता तर काढायला तिवरं उगवलीच नसती. आपण वीस वर्षं थांबलो, मग खारफुटीबद्दलचा उच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल आला. खारफुटी तोडायची तर सार्वजनिक हिताचं काम हवं आणि न्यायालयाची परवानगी हवी. शिवाय भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बंधनं. म्हणजे देखभाल केली नाही म्हणून जंगल उगवलं आणि जंगल उगवलं म्हणून देखभाल करता येत नाही. फाइलवर मात्र दोष तिवरांचा.

माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. धारण तलावातली तिवरं रीतसर परवानगी घेऊन काढावीत, तलाव खोल करावेत. ती यंत्रणा आहे, अभयारण्य नव्हे. आणि खाडीकाठच्या पाणथळींवर मात्र एक टोपली माती टाकू नये. धारण तलाव पाणी साठवतो तेच काम पाणथळ मोठ्या प्रमाणावर आणि फुकटात करते. एनआरआयच्या मागे भराव पडला तर ते पाणी कुठेतरी जाईलच. तळमजला ताई, ते कुठे जाईल हे तुम्हाला मी सांगायला नको.

किलबिल

तलावातली खारफुटी तोडायला माझा विरोध आहे. आज धारण तलाव, उद्या ‘हीसुद्धा यंत्रणाच आहे’ म्हणून आणखी काही. एकदा फट पडली की तिच्यातून बुलडोझर जातो.

तळमजला

बघा. निवृत्त साहेबांनी मधला मार्ग सांगितला तर तोही नको. म्हणूनच आमच्या सेक्टरात पर्यावरणवाला शब्द शिवीसारखा वापरतात. दहाव्या मजल्यावर राहत असाल तर तसं लिहा तरी.

किलबिल

चौथ्या. पण रागावू नका, झडपांबद्दल मी तुमच्यासोबत अर्ज द्यायला येईन. तोडीला माझा विरोध राहीलच.

घोडबंदरचा

ठाण्यातून नमस्कार. तुमच्याकडे निदान वाद तरी होतो. बोरिवलीला जायला आम्ही घोडबंदरच्या खड्ड्यांतून तासनतास सरपटतो, म्हणून राष्ट्रीय उद्यानाखालून १०.२५ किलोमीटरचा जोडबोगदा मला मनापासून हवाय. आणि त्याच मनाला येऊरच्या पायथ्याशी एकेक झाडावर नंबर रंगवलेला दिसला की कसंसं होतं. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढची झाडं ‘वारसा वृक्ष’ झाली, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावायची असंही ठरलं. ती रोपं कुठे लावतात आणि पुढच्या मे महिन्यात त्यांना पाणी कोण घालतं, हे कुणी दाखवलं तर मी चहा पाजीन. बाकी चालू द्या.

दिवाळे खाडी

वरच्या चर्चेत खाडी शंभर वेळा आली, कोळी एकदाही नाही. भराव पडला की प्रवाह बदलतो, आमच्या डोलीच्या जाळ्यात मासळीच्या जागी प्लास्टिक येतं. जेट्टी झाली तेव्हा आम्हाला विचारलं नाही. तलाव राखीव झाल्यावर आता तिथे वाट बंद करतील, तेव्हाही विचारणार नाहीत. चिखलातले निवट्या मासे पकडायला गेलेल्या पोराला वनखात्याचा माणूस हाकलेल, आणि कॅमेरावाल्याला आत सोडेल. तेही ठरावात लिहा.

ओहोटी

हे लिहायलाच हवं. संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने ग्रामपंचायतींना स्थान आहे, पण आपली गावं पालिकेत आहेत. करावे, सारसोळे, दिवाळे यांच्या वतीने कोण बसणार, हे आधी ठरलं पाहिजे. आणि निवृत्त साहेबांचं म्हणणंही घेते : पाणथळी राखायच्या, धारण तलावांसाठी पालिकेने न्यायालयात वेगळा अर्ज करायचा. किलबिलला पटलेलं नाही, पण मला पटलंय.

हिशेबी

अजून कुणी सांगितलं नाही की सिडकोचा तेवढा महसूल बुडाला तर तो कुठून भरायचा. ठराव फुकटात होतो, शहर चालत नाही.

निवृत्त स्थापत्य

पूर आल्यावर पंप, भरपाई आणि रस्त्यांची दुरुस्ती यांवर दर वर्षी जे जातं तेही एका रकान्यात मांडा, मग बेरीज करू. तुमच्या हिशेबात जमेची बाजू आहे, खर्चाची नाही.

साडेबारा

ओहोटी ताई, ठराव करा, मी आडवा येत नाही. पण त्याच कागदावर दुसरं कलम हवं : गावठाणांच्या हद्दी आराखड्यात आखा आणि गरजेपोटीची घरं त्यात दाखवा. पाण्याची हद्द नकाशावर येणार असेल तर आमची पण येऊ दे. हे कलम घातलंत तर करावेतून सह्या मी आणतो. गाळलंत तर त्याच सभेत विरोधात बोलायला येतो. विभाग कार्यालयात कधी जायचं ते कळवा. सकाळी अकराच्या आत मला जमत नाही.