फ्लॉवरचे मायक्रोग्रीन्स (कोवळी असतानाच कापून खायची रोपं) मधेच आडवे पडतायत, मदत हवी आहे

ठाण्यात फ्लॅटमध्ये लावतेय, खिडकीत फक्त सकाळचं ऊन. बी औषध न लावलेलंच घेतलंय, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ट्रेला भोकं आहेत, पाणी खालच्या ट्रेतूनच देते. उगवतं मस्त, पण झाकण काढलं की मधली रोपं देठाशी पाणचट होऊन लोळतात. मुळांवरची पांढरी लव पाण्याचा स्प्रे मारला की बसते ती नव्हे हां, हे बुरशीसारखं जाळं देठांवर चढतं आणि वास पण येतो. बी पातळ पेरून पाहिलं, छोटा फॅन लावला, थोडा फरक पडला पण पावसाळी हवेत परत तेच. घरात सगळे कच्चंच खाणार म्हणून बुरशीनाशक अजिबात नको. तर १० बाय २० इंचाच्या ट्रेला तुम्ही नक्की किती ग्रॅम बी टाकता आणि पावसाळ्यात झाकण किती दिवस ठेवता?