चूक झाली, माफी मागितली, वर गुलाबजाम दिले. गिऱ्हाईक परत येतं का?

एरंडोलकर

भाची जळगावला एमबीए करते. प्रकल्पाचा विषय घेतलाय, हॉटेलात गडबड झाल्यावर गिऱ्हाईक टिकतं की तुटतं. तिच्या तोंडून एक शब्द ऐकला आणि तेव्हापासून डोक्यात बसलाय: सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स. १९९२ साली मॅककोलो आणि भारद्वाज या दोन अभ्यासकांनी हे नाव दिलं. अर्थ असा, की हॉटेलवाल्याने चूक केली आणि ती झकास निस्तरली, तर ते गिऱ्हाईक कधीच चूक न पाहिलेल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त खूश होतं.

मला हे पटत नाही. उलट, ही चूक करणाऱ्यांची सोय आहे असं वाटतं.

डिसेंबरात धुळ्याहून साखरपुडा उरकून परत येत होतो. अकरा माणसं, सोबत ७८ वर्षांची आई. पारोळा सोडल्यावर हायवेच्या एका हॉटेलात थांबलो. भरीत, कळण्याची भाकरी, दोन शेवभाजी. आईला साखरेचा त्रास, जेवणाआधीची गोळी तिने टेबलावर बसताच घेतली. जेवण आलं पन्नास मिनिटांनी. तेही आधी शेजारच्या टेबलाचं, मग आमचं. भाकरीचे काठ करपलेले आणि मध्ये पीठ कच्चं. मालक आला, हात जोडले, 'आज लग्नाची तीथ, समजून घ्या' म्हणाला आणि अकरा वाट्या गुलाबजाम पाठवले. फुकट. आईच्या पुढ्यातसुद्धा एक वाटी.

मी महिन्यातून चारदा त्या रस्त्याने जातो. परत त्या हॉटेलात पाय ठेवला नाही. कुठे गेला पॅराडॉक्स?

गल्ल्यावरचा

भाऊ, सोनगीरच्या पुढे आग्रा रोडला २२ वर्षं धाबा चालवतोय, म्हणून बोलतो. तुमच्या बाबतीत चूक निस्तरलीच गेली नाही. गुलाबजाम म्हणजे निस्तरणं नव्हे, ते तोंड बंद करणं.

माझा अनुभव ऐका. इंदूरला निघालेलं एक कुटुंब पार्सल घेऊन गेलं. गाडी सुटल्यावर कळलं, साध्या डाळीच्या जागी आम्ही काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजी बांधून दिली, आणि मागच्या सीटवर दोन लहान पोरं. बिलावर फोन नंबर होता. त्यांना नरडाणा फाट्याला थांबायला सांगितलं आणि पुतण्याला मोटारसायकलवर पिटाळलं. डाळ, भात, चार पोळ्या. आधीचं पार्सल परत मागितलं नाही. ते लोक आजही उन्हाळ्यात जाता-येता दोन्ही वेळा थांबतात. चूक झाली नसती तर त्यांना माझा धाबा लक्षात तरी राहिला असता का? हायवेला शंभर धाबे आहेत.

जो ओरडतो तो माझा. जो गप बिल भरून जातो तो गेला.

मामाची भाची

मामांनी मला ओढलंच आहे तर बोलते. दोघंही अर्धं बरोबर आहात.

२००७ साली ब्राझीलच्या दे मातोस आणि सहकाऱ्यांनी तोवरचे या विषयावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. समाधान वाढतं, हे त्यांना दिसलं. पण 'मी परत येईन' आणि 'मी इतरांना सांगेन' यांत तशी वाढ दिसली नाही. म्हणजे गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जेवतं. गंमत म्हणजे नाव देणाऱ्यांपैकी मॅककोलो यांनी पुढे विमानप्रवाशांवर हीच गोष्ट तपासली (२०००), तर त्यांना पॅराडॉक्स सापडला नाही.

आणखी एक. मॅक्सहॅम आणि नेटमेयर यांनी २००२ मध्ये त्याच गिऱ्हाइकांना वारंवार विचारलं. पहिली चूक उत्तम निस्तरली तर कधीकधी पॅराडॉक्स दिसतो. दुसऱ्यांदा चूक झाली की कितीही चांगली निस्तरा, तो दिसत नाही. तुमच्या इंदूरच्या लोकांना पुढच्या वर्षीही शेवभाजीच बांधून दिली असती, तर पुतण्या विमानाने पाठवूनही उपयोग नव्हता.

एरंडोलकर

बघा! समाधान वाढतं पण पाऊल वळत नाही. मग त्या समाधानाचं लोणचं घालायचं?

आणि हे अभ्यास होतात कसे, तेही तिनेच दाखवलं. माणसाला कागद देतात: 'समजा तुम्ही हॉटेलात आहात, ऑर्डर चुकली, वेटरने माफी मागितली, आता किती खूश आहात, एक ते सात.' पंख्याखाली बसून, पोट भरलेलं असताना. आमची आई गोळी घेऊन पन्नास मिनिटं बसली होती. तिला विचारा एक ते सात.

मामाची भाची

मामा, ती मर्यादा खरी आहे, पण त्यातूनही कामाचं निघतं. स्मिथ, बोल्टन आणि वॅग्नर यांचा १९९९ चा अभ्यास असाच आहे: रेस्टॉरंटसाठी विद्यार्थी, राहण्याच्या हॉटेलसाठी कामानिमित्त फिरणारे प्रवासी, दोघांनाही कल्पित प्रसंग. त्यातून निघालं की भरपाई नुकसानाच्या जातीची हवी. पदार्थच मिळाला नाही, तर पैसे किंवा पदार्थ. वागणूक चुकली किंवा खोळंबा झाला, तर तत्परता आणि माफी. तुमचा वेळ गेला आणि भरपाई साखरेत मिळाली. आजीची वाटी तर भरपाई नव्हतीच, ती दुसरी चूक होती.

स्टेशन रोड लॉज

मी जळगावात लॉज चालवतो. अजिंठ्याला जाणारे उतरतात. इथे सगळे 'परत येणं' धरून बसलेत, म्हणून विचारतो: जे आयुष्यात एकदाच येणार, त्यांचं काय?

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. एका जपानी जोडप्याने रविवारी रात्री खोली घेतली, आमच्या काउंटरवरच्या मुलाने सांगितलं नाही, आणि सकाळी ते टॅक्सी मागायला लागले. मंगळवारी त्यांची परतीची गाडी. शेवटी त्यांना वेरूळला पाठवलं, ते मंगळवारी बंद असतं, सोमवारी उघडं. टॅक्सीचे निम्मे पैसे मी दिले. ते लोक परत येणार नाहीत, कधीच. मग मी निष्ठा विकत घेतली का? नाही. माझी चूक होती, मी दिले. त्यात पॅराडॉक्स कशाला शोधायचा?

(आता काउंटरवर मोठ्या अक्षरात वारांची पाटी आहे. तरी लोक वाचत नाहीत, तो भाग वेगळा.)

भट्टीजवळचा

नऊ वर्षं वेटर होतो, धुळ्यात आणि हायवेला. आता नोकरी वेगळी. इथे मालक बोलले, गिऱ्हाईक बोललं, कॉलेज बोललं. टेबलाजवळ उभा असतो त्याचं कोणीच बोललं नाही.

भाकरी कच्ची आली की गिऱ्हाईक कोणाकडे बघतं? माझ्याकडे. मी काय करू शकतो? भट्टीवर गेलो तर आचारी शिव्या देतो. मालकाकडे गेलो तर म्हणतो, 'तूच बघून का नाही नेलीस?' ताट परत गेलं की आमच्या एका मालकाकडे त्याचे पैसे पगारातून कापायचे. अशा जागी कुठला पोऱ्या शहाणा चूक कबूल करेल? तो म्हणेल 'साहेब, भाकरी अशीच असते आमच्याकडे.' मी स्वतः म्हटलंय. तोंडावर हसू ठेवून.

तुमच्या अभ्यासात याचं काही आहे का ताई, का फक्त गिऱ्हाइकाचाच जीव जीव?

मामाची भाची

आहे दादा, आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. १९९० मध्ये बिटनर, बूम्स आणि टेट्रो यांनी विमान, हॉटेल आणि रेस्टॉरंटच्या गिऱ्हाइकांकडून सुमारे ७०० खरे प्रसंग गोळा केले, कल्पित नव्हेत. लोकांना जे प्रसंग चांगले म्हणून आठवले, त्यांतले पाव हिश्श्याच्या आसपास मुळात गडबडीचेच होते. चांगले झाले ते समोरच्या कर्मचाऱ्याच्या वागण्यामुळे. वाईट आठवणींतही मोठा वाटा गडबडीनंतर तो कसा वागला याचाच होता.

म्हणजे सगळा खेळ तुम्ही उभे होतात त्या दोन फुटांत. आणि तिथे उभ्या माणसाच्या हातात काही नसतं.

गल्ल्यावरचा

एक मिनिट. मालकाला राक्षस करू नका. मी कापत नाही कोणाचे. पण पोरांना 'वाटेल ते फुकट द्या' म्हटलं तर महिन्याभरात अख्खं गाव मित्र निघतं. एकाने केलंय माझ्याकडे. रोज रात्री चार प्लेट 'कंप्लेंटच्या' नावाने बाहेर.

भट्टीजवळचा

चार प्लेटी दिसल्या. न सांगता गेलेली गाडीभर माणसं दिसली का?

गल्ल्यावरचा

दिसत नाहीत, हीच तर बोंब आहे. खरं शे भाऊ.

मामाची भाची

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये हेच मांडलं होतं. नाराज माणसापुढे दोन वाटा: निघून जा, नाहीतर बोल. त्याला हे सुचलं नायजेरियाच्या रेल्वेवरून. शेजारून ट्रक धावायला लागले तरी रेल्वे सुधारेना. कारण जे तावातावाने भांडले असते, तेच सगळ्यात आधी ट्रककडे गेले. आणि निष्ठा कशासाठी? तर निघायची घाई थोडी थांबवून माणसाला बोलतं ठेवण्यासाठी.

मामा, विचारायचं राहिलं. तुम्ही त्या दिवशी काय बोललात?

स्टेशन रोड लॉज

हो, हे आम्हालाही ऐकायचंय.

एरंडोलकर

काय बोलणार. व्याही सोबत होते. मालकाने विचारलं, 'जेवण कसं होतं?' मी म्हटलं, 'छान.' बिल भरलं, बडीशेप घेतली. गाडीत बसल्यावर एरंडोल येईपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढली.

गल्ल्यावरचा

म्हणजे त्या मालकाच्या हिशेबात तुम्ही खूश गिऱ्हाईक! त्याच्या लेखी गुलाबजाम कामाला आले. उद्या तो दुसऱ्याला सांगेल, 'गोड पाठवलं की लोक शांत होतात.'

एरंडोलकर

कबूल. पण आता पुढचं ऐका, भाचीलाही माहीत नाही. काल हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'त्याच हॉटेलात चल ना एकदा, तो पोरगा चांगला होता.' कोण पोरगा? तर आम्ही गप्पांत असताना तिने पाणी द्यायला आलेल्या पोऱ्याला हळूच सांगितलं होतं, गोळी घेतलीय, घेरी येतेय. तो आत गेला आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि दही वाटीत घेऊन आला. गुलाबजामही त्यानेच तिच्या पुढून उचलले. मला यातलं काही दिसलं नाही. पन्नास मिनिटं मी घड्याळ बघत होतो.

तिला भाकरी कच्ची होती हेही आठवत नाही. शनिवारी जातोय.

भट्टीजवळचा

जा. पोरगा दिसला तर डब्याचं मालकासमोर बोलू नका. आणि नाही दिसला, तर गल्ल्यावर नका विचारू. मागे भट्टीवर जाऊन विचारा.