सल्ला हवा: बाबांसाठी बर्फाळ गावातली पोलीस कादंबरी (बजेट ५००)

तुळजाई
नमस्कार मंडळी. बाबा पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि आता दिवसभर "वाचायला आण काहीतरी" सुरू आहे. लातुरात पारा ४२वर, कूलर नुसता गरम वारा फेकतोय. म्हणून फर्माईश आहे की थंड मुलखातलं पोलिसांचं पुस्तक पाहिजे. स्कँडिनेव्हिया, म्हणजे स्वीडन, नॉर्वे, तिकडचं. इंग्रजी सावकाश पण नीट वाचतात.
अटी: उत्तरेतलं लहान गाव, भरपूर बर्फ, तपास खरा वाटला पाहिजे (वरच्या साहेबाचा फोन वगैरे सगळं), छापील पुस्तक, ५०० रुपयांच्या आत. एकच सुचवा प्लीज.

नाना_फडफडे
नॉर्वेचा लेखक नेस्बो. त्याची 'स्नोमॅन'. डोळे झाकून घ्या. मी एका रात्रीत संपवली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली.

तुळजाई
नानासाहेब, ती ऑस्लोत घडते ना? लहान गाव हवंय.

नाना_फडफडे
बर्फ आहे की ढिगाने! गावात काय ठेवलंय.

शुद्धलेखनवाला
अवांतर: त्यातला डिटेक्टिव्ह हॅरी 'होल' नाही, 'हूले'. लोक सर्रास चुकतात म्हणून सांगितलं.

चंपक७४
किंडल घ्या. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, मोतीबिंदूवाल्यांना वरदान. माझ्या सासऱ्यांना घेऊन दिलं, आता जेवायला हाक मारावी लागते.

तुळजाई
बजेट ५०० आहे हो.

चंपक७४
एकदाच खर्च होतो.

मावशी_बोरिवली
ओसा लार्सन घे गं. किरुना नावाचं गाव आहे, स्वीडनच्या पार वरच्या टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर. लोखंडाची खाण आहे तिथे. बाई स्वतः किरुनात वाढलेली, त्यामुळे थंडी अशी लिहिते की वाचताना मी पंखा बंद केला होता. पहिलं पुस्तक 'द सॅव्हेज ऑल्टर'. चर्चमध्ये उपदेशकाचा खून होतो. तपास करणारी पोलीस बाई पोटुशी, दिवस भरत आलेले.

नाना_फडफडे
ही त्या 'ड्रॅगन टॅटू' कादंबरीवाल्या स्टीग लार्सनची बायको का?

मावशी_बोरिवली
नाही हो. तिकडे लार्सन म्हणजे आपल्याकडचे पाटील.

कोथिंबीर_वडी
मावशींना +१, पण माझी फजिती ऐका. 'सॅव्हेज ऑल्टर' आवडली म्हणून त्याच बाईंची 'सन स्टॉर्म' मागवली. पार्सल फोडलं, पहिलं पान वाचलं, आणि लक्षात आलं की हे तेच पुस्तक आहे! इंग्लंडात एक नाव, अमेरिकेत दुसरं. मूळ स्वीडिश 'सोलस्टॉर्म', २००३चं. परत घेणार नाही म्हणाले. दोन्ही प्रती कपाटात शेजारी शेजारी ठेवल्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला.

खाणकामगार
किरुनाचं चर्च २०२५मध्ये चाकांवर घालून हलवलं, बातमी पाहिली असेल. खाणीमुळे गावाखालची जमीन खचतेय म्हणून अख्खं गावच पूर्वेला सरकवताहेत. १९१२चं लाकडी चर्च, ६७२ टन, ५ किलोमीटर, दोन दिवस लागले. पुस्तकातला खून त्याच चर्चमध्ये होतो.

मावशी_बोरिवली
नाही, पुस्तकातलं चर्च वेगळं, लेखिकेच्या मनातलं. वाचून बोलावं.

उमिओकर
दोन वर्षं स्वीडनमधल्या उमिओत काढली आहेत, त्यामुळे अधिकारवाणीने लिहितो. (उमिओ किरुनाच्या बरंच खाली आहे, पण लातूरकरांच्या दृष्टीने सारखंच.) पहिली गोष्ट, बर्फ पडल्यावर अंधार कमी होतो. नोव्हेंबर सगळ्यात वाईट: बर्फ नाही, उजेडही नाही, तीन वाजता संध्याकाळ. बर्फ आला की रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खालून वर येतो आणि माणसं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागतात. दुसरी गोष्ट, पार्किंगमध्ये गाड्यांना वायर लावलेली असते, बैल दावणीला बांधल्यासारखी. इंजिन गरम ठेवायला. तिसरी: 'हो' म्हणायचं तर तिथले लोक बोलत नाहीत, नुसता श्वास आत ओढतात. 'श्शुप'. पहिल्या आठवड्यात मला वाटलं घरमालकाला दमा आहे.

तुळजाई
मस्त! आणि पुस्तक?

उमिओकर
कादंबऱ्या वाचत नाही मी.

रातकिडा
सगळे चुकताय. रॅगनार योनासन, 'स्नोब्लाइंड'. सिग्लुफ्योर्दुर हे आइसलंडच्या उत्तर टोकाचं गाव, एकेकाळी हेरिंग माशांवर गब्बर झालेलं. पोलीस ठाण्यात मोजून तीन माणसं. रेक्याविकहून नवा पोरगा पोस्टिंगवर येतो, साहेब सांगतो इथे कधी काही होत नाही. मग हिमस्खलन होऊन रस्ता बंद आणि एक बाई बर्फात रक्ताळलेली सापडते. २००८मध्ये तिकडच्या बँका बुडाल्या, तो हिवाळा. तिकडचे पोलीस एरवी बंदूकही बाळगत नाहीत. तुमच्या बाबांना आपलं ठाणं आठवेल.
महत्त्वाचं: पुढची पुस्तकं इंग्रजीत उलटसुलट क्रमाने आली. 'नाइटब्लाइंड' दुसरी म्हणून विकतात, पण ती पाच वर्षांनंतरची गोष्ट आहे. मी तीच आधी वाचली आणि कोणाचं काय होतं ते सगळं कळून बसलं.

शुद्धलेखनवाला
आइसलंड स्कँडिनेव्हियात येत नाही. नॉर्डिक म्हणा.

रातकिडा
तुमच्याकडून हीच अपेक्षा होती.

शुद्धलेखनवाला
आणि योनासन हे आडनाव नाही. योनासचा मुलगा एवढाच अर्थ. तिथल्या फोन डिरेक्टरीतही पहिल्या नावानेच शोधतात. आपण मधे बापाचं नाव लावतो, ते शेवटी लावतात.

कोथिंबीर_वडी
ही माहिती मात्र आवडली.

चंपक७४
त्या गावात टीव्ही मालिकेचं शूटिंग पण झालंय ना? टीव्हीच दाखवा बाबांना.

जुनाट_वाचक
माझ्या लहानपणी बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिल्या माणसाने. लायब्ररीत रोज दोन आणायचो, दुसरी रस्त्यातच सुरू. एवढं वाचायला पुरत असताना बर्फात कशाला जायचं?

ठाणे_अंमलदार_कन्या
तुळजाई, माझे वडीलही खात्यातले, म्हणून सांगते. ओसा लार्सन चांगलीच आहे, पण गोष्ट ओढते ती वकील, रेबेका. तीही टॅक्सची वकील! माझ्या बाबांनी चाळीसाव्या पानावर पुस्तक मिटलं. "वकिलाने तपास करायचा तर आम्ही काय चहा प्यायचा?" म्हणाले. त्यांना आवडली ती श्योवाल आणि वालो या स्वीडिश जोडप्याची, मार्टिन बेक या पोलिसाची मालिका. १९६५ ते १९७५, बरोबर दहा पुस्तकं. पहिल्या 'रोझआना'त महिनोन् महिने काहीच हाती लागत नाही, नुसती पत्रं, फोन आणि वाट बघणं. बाबा म्हणाले, हा माणूस ठाण्यात बसलेला दिसतो. फक्त बर्फ नाही, जुलैत सुरू होते. गावही उत्तरेतलं नाही.

नाना_फडफडे
दहाचा सेट घेऊन टाका मग. नेस्बोचाही मिळतो.

तुळजाई
५००!

पाणगेंडा
कोणीच कसं लिहिलं नाही? ओलिव्हिए त्र्युकचं 'फॉर्टी डेज विदाउट शॅडो'. नॉर्वेच्या उत्तरेला काउतोकेइनो, सामी या तिथल्या मूळच्या, रेनडियर पाळणाऱ्या लोकांचं गाव, उणे तीस-चाळीसचा हिवाळा. पोलीस म्हणजे 'रेनडियर पोलीस', आणि ते खरंच असतात, नॉर्वेत १९४९पासून. रेनडियरची चोरी, चराईवरून भांडणं, यासाठीच ठेवलेले. चाळीस दिवसांनी सूर्य उगवतो तिथे कथा सुरू होते आणि प्रकरणागणिक त्या दिवशी किती वेळ ऊन पडलं ते दिलंय. थोडं संथ आहे. मधे खाणीचं आणि जुन्या मोहिमेचं बरंच पाल्हाळ आहे, ते उडवलं तरी चालतं. आणि एका गुराख्याचे कान कापलेले...

रातकिडा
अहो स्पॉइलर!!

पाणगेंडा
सुरुवातीलाच कळतं ते.

शुद्धलेखनवाला
लेखक फ्रेंच आहे. पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये. धाग्याच्या विषयात बसत नाही.

मावशी_बोरिवली
वाचायला घेतलं होतं, निम्म्यात सोडलं. किरुनाच घे.

रातकिडा
मीही सोडलं होतं. सिग्लुफ्योर्दुर.

*(बारा दिवसांनी)*

तुळजाई
धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, आणि माफ करा. सगळे पर्याय बाबांना वाचून दाखवले. वकील म्हटल्यावर तोंड वाकडं झालं. तीन माणसांचं ठाणं म्हटल्यावर "एवढ्यात बंदोबस्त कसा लावायचा?" रेनडियर पोलीस म्हटल्यावर मात्र उठून बसले. "जनावरचोरीला वेगळं पथक?" तेच मागवलं. जुनी प्रत, टपालखर्च धरून ६४०. मीच माझं बजेट मोडलं.
पंचाहत्तर पानं झालीत. रेनडियरच्या कानाला मालक आपापल्या खुणेचा काप देतो, हे वाचलं आणि पुस्तक छातीवर पालथं ठेवून मला हंडरगुळीच्या बाजारातली बैलजोडी सांगितली. चोराने शिंगं तासून रंगवली होती, गळ्यात नव्या घुंगरमाळा. फिर्यादी म्हातारा म्हणाला, साहेब, डाव्या बैलाच्या कानामागे बोट घाला, लहानपणी कुत्रं चावल्याची गाठ आहे. बाबांनी बोट घातलं. गाठ होती. ही केस तीस वर्षांत आम्ही कधी ऐकली नव्हती.
कान कापलेल्या गुराख्याचा खुनी कोण, ते त्यांनी ठरवून टाकलंय. कागदावर नाव लिहून देव्हाऱ्यात ठेवलंय, मला बघायची परवानगी नाही.

पाणगेंडा
नाव काय लिहिलंय कळलं की इथे सांगा.

रातकिडा
नको!!

चंपक७४
६४० घातलेच, तर अजून थोडे घालून किंडलच...